पोळी-भात कमी करण्याआधी

प्रिय आई, बाबा,

सा. नमस्कार.

वजन उतरवायला लो-कार्ब, म्हणजे जेवणातले कार्ब (कार्बोहायड्रेट, पिष्टमय आणि गोड पदार्थांतला घटक) कमी करायचं ठरवलंत, ते चांगलंच आहे. पण फोनवर सांगितलेले आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवते आहे. कागद फ्रिजवर लावून ठेवा.

बाबा, सगळ्यात आधी गोळ्यांचं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन चालू असताना जेवणातले कार्ब एकदम निम्मे केले, तर औषध तेवढंच जातं, पण ज्याच्यासाठी ते जातं ती साखरच येत नाही. मग रक्तातली साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या असतील तर धोका वेगळा आहे. कार्ब फार कमी झाले की साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन आम्ल (चरबी जळताना तयार होणारं) साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. बीपीच्या गोळीचंही तसंच. कार्ब घटले की इन्शुलिन कमी होतं आणि मूत्रपिंड मीठ-पाणी जास्त बाहेर टाकतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बीपी उतरून उभं राहताना चक्कर येऊ शकते. म्हणून डोस काय ठेवायचा ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ताटात काही बदलू नका, आणि आपल्या मनाने गोळी बंद तर मुळीच करू नका. क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाची रक्त-) तपासणीही आधीच करून घ्या, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनं वाढवण्याचा पुढचा सगळा सल्ला बाद. रक्त पातळ करायला वॉरफरिन असेल तर पालेभाजी एकदम दुप्पट करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.

घाम, थरथर, धडधड जाणवली आणि मीटरवर ७०च्या खाली आकडा आला, तर चार सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तेव्हा चॉकलेट किंवा शेंगदाणे नकोत, त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

आई, थायरॉइडची गोळी घेत असशील तर ती रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर लगेच सोया किंवा टोफू नाही. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब ठेव.

आता खरी अडचण. मांसाहारी माणसाने भात काढला तरी त्याचं प्रथिन ताटात शिल्लक राहतं. शाकाहारी माणसाचं प्रथिन मात्र बहुतेक वेळा कार्बचा हात धरूनच येतं. तुमच्या वयाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६५ किलो वजनाला ६५ ते ७८ ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं आणि ६० ग्रॅम कार्ब. नुसत्या डाळीवर ७० ग्रॅम गाठायला जवळपास ३०० ग्रॅम कोरडी डाळ लागेल, आणि तिच्यासोबत पावणेदोनशे ग्रॅम कार्ब पोटात जातील. म्हणून डाळ सोडायची नाही, पण तिच्यावरच सगळी भिस्तही ठेवायची नाही. पोळी-भात काढून नुसती भाजी आणि मूठभर बदाम खाल्ले तर वजन उतरेल खरं, पण चरबीबरोबर स्नायूही जातील. या वयात गेलेला स्नायू परत मिळवणं फार कष्टाचं असतं.

दिवसाचा हिशेब साधारण असा बसतो. सकाळी १०० ग्रॅम पनीर, त्यातून १८ ग्रॅम प्रथिनं. दुपारी ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (१५ ग्रॅम), ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं वरण (७) आणि १५० ग्रॅम दही (५). रात्री १५० ग्रॅम घट्ट टोफू (१८ च्या आसपास, पाकिटावरचा आकडा बघा) आणि मधल्या वेळी ३० ग्रॅम शेंगदाणे (७). झाले ७० ग्रॅम. यात ४०० ग्रॅम भाजी, चहाचं दूध, एक फळ आणि ३० ग्रॅम पिठाची एक पोळी धरली तरी कार्ब सव्वाशेच्या आत राहतात. कीटो नावाच्या अतिकमी कार्बच्या आहारासारखं ५० ग्रॅमच्या खाली उतरायची काहीच गरज नाही. शाकाहारात ते फार दिवस निभत नाही आणि गोळ्यांचा धोका तेवढा वाढतो.

तुलनेसाठी सांगते, १५० ग्रॅम शिजलेल्या भातात ४२ ग्रॅम कार्ब असतात. बटाट्यात १०० ग्रॅममागे १७ ते २०, मटारात १४, फ्लॉवर, कोबी आणि पालकात त्याहून बरेच कमी. भाजी म्हटली की सगळं चालतं असं नाही.

सुरुवात काढण्यापासून करू नका, घालण्यापासून करा. पहिले दोन आठवडे प्रत्येक जेवणात वरचं प्रथिन बसवा आणि फक्त साखर, बिस्किटं, फळांचे रस बंद करा. तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात काढा, मग पोळ्या एकेक करून. जेवताना आधी भाजी आणि पनीर किंवा टोफू खा, पोळी शेवटी. पोट आधीच भरलेलं असतं.

स्वयंपाकात काय बिघडतं तेही सांगते. टोफू बेचव लागतो कारण त्यातलं पाणी काढलेलं नसतं. फडक्यात गुंडाळून वर जड भांडं ठेवा, २० मिनिटांनी कापा, मगच मसाला आत मुरतो. सोया चंक्स मिठाच्या पाण्यात ५ ते ८ मिनिटं उकळून, पाणी बदलून दोन-तीनदा पिळायचे, नाहीतर उग्र वास राहतो आणि सगळा दोष सोयाला मिळतो. पनीर जास्त परतलं की रबर होतं. ते शेवटी घालायचं. भाताऐवजी किसलेला फ्लॉवर करणार असाल तर झाकण ठेवू नका, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटंच परता. झाकलात की पाणी सुटून लगदा होतो. बदामाच्या पिठाची पोळी तुटते, कारण त्यात ग्लूटेन (गव्हातला चिकटपणा देणारा घटक) नसतं. चमचाभर इसबगोल घातलं तर पीठ धरतं. पण खरं सांगू, एवढी खटपट करण्यापेक्षा गव्हाची एकच पोळी खा.

वजन न हलण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेल आणि दाणे. 'कार्ब नाहीत ना' म्हणून हात सैल सुटतो. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, १०० ग्रॅम बदामांत ५८०च्या आसपास. दाणे डब्यातून थेट खाऊ नका, ३० ग्रॅम वाटीत काढून डबा बंद करा. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी कार्ब खाणाऱ्यांचं सरासरी ६ किलो उतरलं, कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं ५.३. फरक नगण्य. कार्ब कमी करण्यात जादू काही नाही, भूक आटोक्यात राहते हाच फायदा. तूप-लोणी वाढवलंत तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वर जाऊ शकतं, म्हणून तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासा, आणि त्यातच बी-१२ जीवनसत्त्वही. शाकाहारात ते बऱ्याचदा कमी पडतं, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने आणखी घटू शकतं.

'शुगर-फ्री' बिस्किटांना भुलू नका, ती बहुतेक मैद्याचीच असतात. पाकिटावर साखरेची नाही, कार्बोहायड्रेटची ओळ वाचायची.

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो उतरतील, ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते निघून जातं. नंतर आठवड्याला पाव ते अर्धा किलो पुरे. वजन रोज सकाळी एकाच वेळी घ्या, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. कंबरही बेंबीच्या रेषेत मोजा. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, अशा प्रत्येक वेळी तीन फेऱ्या. सुरुवातीला टेबल धरलंत तरी चालेल. पोट साफ होत नसेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, जवस भाजून कुटून दोन चमचे दह्यात घाला.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांची नावं आठवून सांगू नका, पाकिटंच पिशवीत घालून न्या. वरचा दिवसाचा हिशेब असलेला भागही त्यांना दाखवा.

तुमची,
लेक