तक्त्यात न बसलेले मामा

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस, "तुमची कंपनी झाली, मग तू सरकारी की खासगी?" तेव्हा हसण्यावारी नेलं. आता सविस्तर सांगतो.

१ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ, म्हणजे लष्करासाठी शस्त्रं, दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांचं मंडळ, संपलं आणि ४१ कारखान्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं. आम्ही सत्तरएक हजार माणसं मात्र केंद्राचेच कर्मचारी राहिलो, या कंपन्यांकडे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे उसने दिलेले. आधी दोन वर्षं म्हणाले, मग मुदतवाढ. नांदायला सासरी, रेशनकार्डावर नाव माहेरचं!

माझं टेबल तेच. मंजूर पदं, भरलेली, रिक्त, निवृत्तीला आलेले असा तक्ता करायचा. बेरीज कधी चुकली नाही, याचा मला फार अभिमान होता.

आमच्या भरण विभागात, म्हणजे दारूगोळ्यात स्फोटकं भरतात तिथं, एक मामा होते. तिथं आत जाताना काडेपेटी, मोबाईल बाहेर ठेवायचा, बूट बदलायचे, दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची. हे ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना शिकवतात. पण कोरड्या हवेत ही वीज जास्त साठते, आणि हिवाळ्यातल्या सकाळी मामा आर्द्रतेचा काटा बघायच्या आधीच म्हणायचे, "आज हात सावकाश रे." काटा खरंच उतरलेला असायचा. हे कुठल्या रकान्यात लिहू?

त्यांच्या हाताखाली द्यायला माझ्याकडे एक पोरगा होता. एओसीपी, म्हणजे रासायनिक प्लांट चालवण्याच्या ट्रेडचा, अप्रेंटिसशिप आयुध निर्माणीतच केलेला. पण टायपिंग झकास! आमच्या शाखेत फायली तुंबल्या होत्या, म्हणून मीच त्याला 'थोडे दिवस' ठेवून घेतला. थोड्या दिवसांचे आठ महिने झाले. एप्रिलअखेर मामांना नारळ, शाल दिली. तक्त्यात त्या महिन्यात निवृत्त १, हजर १ लिहिलं. बेरीज बरोबर.

कुणी मला बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

परवा तो पोरगा मामांच्या घरी जाऊन आला. दोन तास बसला म्हणे. मामांनी पोह्यांच्या बशीवर चमचा धरून काहीतरी दाखवलं. "काय शिकलास?" विचारलं, तर म्हणाला, "साहेब, समजलं. पण त्यांच्या हाताखाली करून बघायला हवं होतं."

पुढच्या रविवारी मीही त्याच्याबरोबर जाणार आहे. तू दिवाळीला येतोस ना? वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अण्णा