रिपोर्टमधला तो शब्द

चि. ऋता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "इंडोलंट म्हणजे आळशीच ना, बाबा? कॅन्सरला कुणी आळशी म्हणतं का?" आणि मी काही बोलायच्या आत रडायला लागलीस. नंतर आईला म्हणालीस, शुक्रवारी ऑफिस सुटलं की तशीच गाडी काढते. रात्रीची गाडी चालवत येऊ नकोस. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे शब्दाबद्दल नीट लिहिता येईल.

लॅटिनमध्ये 'डोलेरे' म्हणजे दुखणं. 'कन्डोलन्स'मध्ये तेच आहे. त्याच्या आधी नकाराचा 'इन' आला की 'न दुखणारं'. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात वैद्यकातूनच आला, आळसाचा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पहिला अर्थ 'वेदनारहित' असा आहे, आणि शल्यवैद्य गाठीबद्दल हा शब्द वापरतात, हेही तिथेच नोंदलं आहे. बेफिकीर, आळशी हे अर्थ त्याच्या खाली. माणसाबद्दल वापरला तरी तो 'लेझी'इतका सरळ नाही. त्यात सुखासीनपणा आहे, अंगाला तोशीस लागू न देण्याची वृत्ती आहे. डॉक्टर मात्र आजही जुन्या अर्थाच्या जवळ आहेत: दुखत नाही, सावकाश वाढतं. लवकर न भरणाऱ्या जखमेलाही ते इंडोलंटच म्हणतात. याच्या उलट 'अ‍ॅग्रेसिव्ह'. तो शब्द माझ्या रिपोर्टमध्ये नाही, हे तू पाहिलंस का?

माझा फॉलिक्युलर लिम्फोमा आहे, म्हणजे लसिका पेशींचा, सहसा सावकाश वाढणारा कॅन्सर. सध्या औषध नाही, ठरावीक दिवसांनी तपासणी. याला 'वॉच अँड वेट' म्हणतात. डॉक्टरांनी हात टेकले असा त्याचा अर्थ काढू नकोस. काही त्रास नसताना उपचार लवकर सुरू केल्यानं आयुष्य वाढतं, असं आढळलेलं नाही. तुझ्यापासून लपवत नाही: हा आजार सहसा मुळासकट जात नाही, आणि पुढे कधी तो रूप बदलून वेगानं वाढूही शकतो. पण माणसं तो घेऊन वर्षानुवर्षं जगतात. मला जगायचं आहे, ऋता. खूप वाटतं.

म्हणूनच म्हणतो, दिवसभर काम करून हुबळी, बेळगाव, मग तवंदीचा घाट, तेही मध्यरात्री, समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर, आणि मनात बाबांचा रिपोर्ट. दिनूकाकांचं काय झालं ते तुला सांगायला नको. झोप आली की काच खाली करून भागत नाही. माणसानं आपल्या शरीराचं ऐकायला शिकावं, हट्टानं काही... असो. पुन्हा वर्गात उभा राहिल्यासारखं लिहायला लागलो. रागावू नकोस.

फलटणची वाचन स्पर्धा आठवते? 'कर्नल'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'र' नसताना तो म्हणायचा का, असं तू परीक्षकांनाच विचारलंस आणि उत्तर मिळेपर्यंत मंचावरून खाली उतरली नाहीस. लिहिणं इटालियनवरून आलं, उच्चार फ्रेंचमधल्या 'र'च्या रूपावरून, हे मग मी तुला एसटी स्टँडवर सांगितलं. बक्षीस मिळालं नाही. माईंना वाईट वाटलं होतं, मी मात्र त्या दिवशी दिसेल त्याला तुझं सांगत सुटलो होतो. अजूनही सांगतो. परवा तपासायला आलेल्या त्या तरुण डॉक्टरलाही सांगितलं.

तर राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेपर्यंत ये. तिथे सुहास येईल, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. आणि आईसमोर रिपोर्ट मोठ्यानं वाचू नकोस. तिला अजून फक्त 'न दुखणारी गाठ' एवढंच सांगितलं आहे, बाकीचं तू आलीस की दोघं मिळून सांगू. तिकीट निघालं की लगेच कळव. गाडीचा विचार सोडलास, हेही त्यातच लिही.

तुझा,
बाबा