दवाखान्यासमोरच्या सौर बाकांसाठी आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

सरकारी दवाखान्यात पेशंट आत असतो आणि त्याचं माणूस बाहेर रस्त्याकडेला. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, अगदी विजापूर-कलबुर्गीकडून आलेलं. रात्री-अपरात्री वॉर्डातून फोन येतो, रक्ताची सोय करा, डॉक्टर बोलावतायत. आणि नेमका तेव्हाच फोन बंद पडलेला असतो, कारण निघायच्या गडबडीत चार्जर घरीच राहिलेला. टपरीवाला बिचारा फोन चार्जिंगला लावू देतो. पण फोन सोडून जाता येत नाही, म्हणून म्हातारी माणसंसुद्धा तिथंच ताटकळत उभी राहतात.

या लोकांसाठी आमच्या मंडळाने पाच सौर बाक, म्हणजे उन्हावर तयार झालेल्या विजेवर फोन चार्ज करता येईल असे बाक, बसवायचं ठरवलं आहे.

कल्पना जगाला नवी नाही. सर्बियातल्या ओब्रेनोवाक गावात २०१० साली सौर चार्जिंगचं सार्वजनिक ठिकाण उभं राहिलं, २०१४ मध्ये बॉस्टनच्या बागांत असे बाक आले. परदेशी बाकांत बऱ्याचदा पॅनेल बैठकीतच असतं. ते आपल्याकडे चालायचं नाही. माणूस बसला की पॅनेल झाकलं जातं, आणि मे महिन्यात अशा बैठकीवर टेकवणारही नाही. म्हणून आपलं पॅनेल छपरासारखं वर असेल. ३३० वॅटचं पॅनेल साधारण साडेसहा फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद येतं, त्यामुळे सावलीही मिळते. खाली शहाबादी फरशीची बैठक, उठताना धरायला दोन्ही बाजूंना हात आणि शेजारी व्हीलचेअर उभी करण्याइतकी मोकळी जागा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी रात्रभर एक एलईडी दिवा चालून चाळीसेक फोन पूर्ण चार्ज होतील, पावसाळ्यात त्याहून कमी. सॉकेटमधून फक्त वीज येईल, फोनमधली माहिती कुठेही जाणार नाही. केबल पक्क्या बसवलेल्या असतील, त्यामुळे चार्जर नसला तरी अडणार नाही. कॅमेरा नाही, जाहिरातीचा पडदा नाही. वायफायचाही आग्रह आम्ही धरलेला नाही. दर महिन्याचं बिल कोण भरणार, हे ठरल्याशिवाय ते नकोच.

दरपत्रकानुसार एका बाकाला ७८ हजार रुपये लागतील, म्हणजे पाचांना ३ लाख ९० हजार. जागेच्या परवानगीसाठी महापालिकेकडे अर्ज केला आहे. परवानगी हातात येईपर्यंत जमलेल्या पैशाला हात लावला जाणार नाही, आणि ती मिळालीच नाही तर प्रत्येकाची रक्कम पावतीप्रमाणे परत होईल. शंभर रुपयेही चालतील. पावतीशिवाय मात्र कुणाच्याही हातात पैसे देऊ नका. कुणाला आई-वडिलांच्या स्मरणार्थ पूर्ण बाक द्यायचा असेल, तर त्यावर 'कै.' लिहिलेली छोटी पाटी लागेल. फ्लेक्स लागणार नाही.

पैशाइतकीच माणसांचीही गरज आहे. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्यांनी मजुरीत सवलत दिली तर मोठा भार हलका होईल. बॅटरीची पेटी आणि वायरिंग वर्षातून दोनदा तपासणारा इलेक्ट्रिशियन हवा. आपल्याकडची धूळ पॅनेलवर बसली की वीज घटते, म्हणून दर रविवारी सकाळी फडकं-बादली घेऊन येणारी पोरं हवीत. पहिल्या वीस स्मार्ट शहरांत २०१६ साली आपल्या सोलापूरचं नाव आलं, तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. नावाला साजेसं एक काम आपल्या हातून व्हावं, ही मनापासून इच्छा आहे.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. बाकाचा नकाशा आणि दरपत्रक तिथं भिंतीवर लावलं आहे. येऊन बघा, काही चुकत असेल तर सांगा, आणि जमेल तेवढी पावती फाडा.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते