मार्चमध्ये तोडलेली घाणेरी जूनमध्ये परत येते

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधील (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातील) तरुणांना तण काढण्याच्या कामासाठी सलग तीन वर्षे विद्यावेतन मिळण्याबाबत.

महोदय,

मी चंद्रपूर जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. दरवर्षी काही मुलं घेऊन जंगलाच्या कडेची घाणेरी (आमच्याकडे रायमुनिया, म्हणजे लँटाना हे काटेरी तण) काढायला जातो. मागे एकदा आम्ही गेलो त्या पट्ट्यात आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये, ठेकेदाराने आधीच काम उरकलं होतं. झुडपं कमरेएवढ्या उंचीवर कोयत्याने छाटलेली, ढीग लावलेले, फोटो काढलेले. पाऊस पडल्यावर पुन्हा गेलो तर एकेका बुंध्याला दहा-दहा फुटवे. आधी त्यातून वाकून तरी जाता येत होतं, आता तेही नाही.

घाणेरी वरून छाटून मरत नाही. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे, जमिनीखाली तीन-चार बोटं, कुदळीने घाव घालावा लागतो आणि निघालेलं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवावं लागतं. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू यांनी दाखवलेली ही पद्धत साधी आहे, स्वस्त आहे, फक्त तिला हे काम शिकलेला माणूस लागतो. जेसीबी लावला तर माती उकरली जाते आणि बुलबुलांनी टाकलेलं बी त्यात आणखी जोमाने उगवतं. ही रोपं पुढचे दोन-तीन पावसाळे उपटावीच लागतात. निविदा मात्र हेक्टरवर निघते आणि बिल 31 मार्चच्या आत.

रानतुळस आणि तरोट्याचं गणित आणखी वेगळं. ही तणं बी धरायच्या आधी, म्हणजे भर पावसात नि पावसाच्या शेवटाला उपटली तरच उपयोग. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा पर्यटनासाठी बंद असतो. गाईड आणि जिप्सीचालक पोरांच्या हाताला काम नसतं ते नेमके हेच महिने! जंगलाला माणसं हवीत तेव्हा आमचे पोट्टे घरी बसलेले, आणि ही दोन टोकं जोडायला सरकारी कागदावर एक ओळ नाही.

हे फक्त चितळ-गव्यांच्या चाऱ्यापुरतं आहे असं समजू नये. घाणेरीखाली गवत उगवत नाही हे खरंच, पण गावाच्या कडेला तिची जाळी माजली की तिच्यात वाघ बसलेला दहा फुटांवरूनही दिसत नाही. मोहफुलं वेचायला पहाटे वाकलेल्या बाईला याचा अर्थ मी सांगायची गरज नाही. म्हणून गाभ्यातल्या कुरणांबरोबर बफरमधल्या गावांच्या शिवेपासून सुरुवात व्हावी.

पैसा कुठून, हा प्रश्न आपण विचारालच. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये ठरले. रकमा ठीक आहेत, मुदत ठीक नाही. सुरुवातीला ती सहा महिन्यांची होती, पुढे वाढवली तरी अकरा महिन्यांची. घाणेरी अकरा महिन्यांत संपत नाही. जोडीला कॅम्पाचा (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईसाठी वनीकरणाचा) निधी आहे, ताडोबा प्रतिष्ठानकडे प्रवेश शुल्काचे पैसे येतात. या तिन्हींतून एकेका परिक्षेत्रात वीस-पंचवीस मुलामुलींचा गट तीन वर्षं टिकवता येईल. त्यातल्या पहिल्या वर्षी आलेल्यांनी दुसऱ्या वर्षी येणाऱ्यांना शिकवावं. पैसे उपटलेल्या हेक्टरवर देऊ नका. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पवन्या-मारवेलसारखं चाऱ्याचं गवत उभं आहे का, ते पाहून गटाचं काम मोजा. दिवाळीनंतर गवताचं बी गोळा करून ठेवणं आणि ते पावसाच्या तोंडाशी पेरणं हेही याच कामात धरा, नाहीतर मोकळ्या जागेत पुन्हा तणच येणार.

2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. लावण्याच्या कामाला मंडप पडतो, पाहुणे येतात. उपटण्याच्या कामाला कोण येणार म्हणा! काटे हाताला लागतात आणि वास दोन दिवस जात नाही.

एक विनंती कागदाबद्दल. मुलांचं हे काम "मजूर" म्हणून नोंदवू नका. गवताच्या जाती ओळखणं, सागाचं रोप आणि तण यात फरक करणं, चौकट आखून मोजणी ठेवणं, हे ते शिकतात. त्याचं प्रमाणपत्र वनविभागाने द्यावं आणि पुढे वनरक्षक भरतीत त्याला काही वजन द्यावं. मुलींना गटात घ्यायचं तर हातमोजे, गमबूट आणि जवळपास शौचालय हे आदेशातच लिहावं लागेल, नंतर कोणी देत नाही.

नवा गट जूनच्या पहिल्या आठवड्यात शिवारात उभा राहायचा असेल तर आदेश एप्रिलमध्ये निघायला हवा. आणि अर्ज कुणाकडे करायचा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे की कौशल्य विकासच्या कार्यालयात, एवढं तरी त्यात स्पष्ट असावं. गेल्या खेपेला माझ्या दोन विद्यार्थिनी या दोन दारांमध्ये चार फेऱ्या मारून परत आल्या.

आपला नम्र,
बफरमधल्या मुलांचा एक शिक्षक
जि. चंद्रपूर