साक्षीदाराला विचारा: ईश्वरसाक्ष शपथ की प्रतिज्ञा?

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मंत्रिपदाची शपथ घेताना आपल्यापुढे दोन पर्याय होते : 'ईश्वरसाक्ष शपथ' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा'. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि कोणता घ्यायचा हे आपल्याला आधीपासून ठरवता आले. सोलापुरातून साक्षीला जाणाऱ्या विडी कामगार बाईला किंवा यंत्रमाग कामगारालाही कायद्याने हाच हक्क दिला आहे. पण तो आहे हे त्यांना कोणी सांगतच नाही.

राज्यातल्या अनेक खालच्या कोर्टांत काय घडते ते पाहा. पुकारा होतो, साक्षीदार पिंजऱ्यात चढतो. बेंच क्लार्क कागदांतून मान वर न करता एका दमात म्हणतो, "ईश्वरसाक्ष खरे सांगेन, खोटे सांगणार नाही, म्हणा." साक्षीदार म्हणतो आणि सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाचे प्रश्न, सुरू होतो.

एवढ्याशा वेळात शपथ अधिनियम, 1969 ची दोन कलमे बाजूला पडतात. कलम 5 म्हणते की साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही, धर्म सांगावा लागत नाही, 'मी देव मानत नाही' असे जाहीर करावे लागत नाही. कलम 6 चे दुसरे पोटकलम म्हणते की सर्वोच्च व उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत शपथ किंवा प्रतिज्ञा पीठासीन अधिकाऱ्याने, म्हणजे समोर बसलेल्या न्यायाधीशाने किंवा दंडाधिकाऱ्याने, स्वतः द्यायची. हे काम क्लार्कवर सोडलेलेच नाही. त्यात आणखी एक विसंगती दिसते. कित्येक जबान्यांच्या मथळ्यावर 'सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की' असा मजकूर आधीच टाइप केलेला असतो. म्हणजे साक्षीदाराने म्हटले एक आणि कागदावर गेले दुसरे, आणि निवड दोन्हीकडे त्याची नाही.

हा प्रश्न फक्त नास्तिकांचा नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या बौद्ध माणसाला 'ईश्वरसाक्ष' म्हणायला लावणे म्हणजे सत्य सांगण्याआधीच त्याच्या तोंडून न पटलेले वदवून घेणे. जैन विचारात जगाचा कर्ता ईश्वर नाही. आणि पंढरीची वारी करणारा माळकरीही देवाची आण सहजासहजी घेत नाही. बांधाच्या भांडणात विठ्ठलाला कशाला ओढू, असे त्याला मनापासून वाटते. त्यालाही प्रतिज्ञेचीच वाट सोयीची आहे.

गीतेवर हात ठेवण्याचे दृश्य लोकांच्या डोळ्यांपुढे इतके पक्के बसले आहे की कायद्यात ते नाही हे सांगून पटत नाही. गंगाजल आणि कुराण यांवरची सक्तीची शपथ 1840 च्या पाचव्या अधिनियमानेच बंद केली. अशा सक्तीने साक्षीदारांच्या मनाला क्लेश होतात आणि न्यायाच्या कामात अडथळा येतो, असे त्या अधिनियमाच्या प्रास्ताविकातच लिहिले होते. आजही कोणाला आपल्या समाजात बंधनकारक मानली जाणारी शपथ घ्यायची असेल तर 1969 च्या अधिनियमातल्या कलम 6 च्या परंतुकाखाली, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादाखाली, कोर्ट ती घेऊ देऊ शकते. मात्र ती न्यायाला किंवा सभ्यतेला सोडून नसावी आणि तिची झळ तिसऱ्या माणसाला लागू नये. म्हणून लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ कोर्टात चालत नाही.

प्रतिज्ञा मागायला लोक का कचरतात याचे कारण भीती आहे. 'शपथ नाकारली तर आत टाकतील' हा समज सगळीकडे आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 213 शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारणाऱ्याला लागू होते. प्रतिज्ञा मागणे म्हणजे नकार नव्हे. उलट बाजूची शंकाही तितकीच चुकीची आहे : देवाचे नाव घेतले नाही म्हणजे खोटे बोलायला मोकळीक मिळाली, असे मुळीच नाही. त्याच संहितेच्या कलम 229 खाली न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ईश्वरसाक्ष बोललेला आणि प्रतिज्ञेवर बोललेला, दोघांना शिक्षा तीच.

दुसरी भीती उलटतपासाची. भर कोर्टात एकट्यानेच प्रतिज्ञा मागितली की "तुम्ही देवधर्म मानत नाही ना?" असा प्रश्न येतो, आणि गावात तोंड दाखवायचे असलेला माणूस गडबडतो. केवळ अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 155 खाली कोर्टाने रोखायचे असतात. पण प्रश्न विचारला जाईपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते. त्यावर खरा उपाय एकच : निवड प्रत्येकाला विचारायची, म्हणजे मागणारा वेगळा उठून दिसणार नाही.

यासाठी नवा कायदा नको. घटनेच्या अनुच्छेद 227 नुसार खालच्या कोर्टांच्या कामकाजाचे नियम आणि नमुने ठरवणे उच्च न्यायालयाच्या हाती आहे. आपल्या विभागाने उच्च न्यायालयाच्या महानिबंधकांना परिपत्रकासाठी सविस्तर पत्र पाठवावे. त्यात मागणी अशी असावी की पीठासीन अधिकाऱ्याने प्रत्येक साक्षीदाराला एकच वाक्य विचारावे, "ईश्वरसाक्ष शपथ घेणार की प्रतिज्ञा करणार?" आणि जे घेतले तेच जबानीच्या मथळ्यात लिहावे. आधीपासून टाइप केलेला मजकूर काढून तिथे दोन पर्याय ठेवावेत, नको तो खोडता येईल असे. समन्सचा नमुना केंद्रीय कायद्यात आहे, त्याला हात लावू नये. सोबत दोन्ही पर्याय सांगणारी अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडली की पुरे. साक्षीदार घरूनच ठरवून येईल.

पिंजऱ्याजवळ याच पर्यायांचा तक्ताही लावावा. मात्र ही चिठ्ठी आणि तो तक्ता एकट्या मराठीत असून सोलापुरात भागणार नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू आहेच. प्रतिज्ञेचा मजकूर या चारही भाषांत तपासून घ्यावा लागेल. आज दुभाषी तो जागच्या जागी जुळवतो आणि मूळ वाक्यात नसलेला देव सवयीने पुन्हा आत येतो. दुभाष्याने स्वतः घ्यायच्या शपथेलाही शपथ अधिनियमाच्या अनुसूचीत प्रतिज्ञेचा पर्याय आहे, तोही त्याला विचारला जावा.

बारा वर्षांखालच्या मुलांची तरतूद वेगळी आहे. खरे बोलायचे हे मुलाला कळते पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असे कोर्टाला वाटले तर शपथेविना साक्ष घेता येते. शपथ राहून गेली किंवा तिच्यात चूक झाली म्हणून साक्ष बाद होत नाही, हे शपथ अधिनियमाचे कलम 7 सांगते. त्यामुळे नव्या पद्धतीत सुरुवातीला चुका झाल्या तरी खटले कोसळण्याची धास्ती नको.

एक काम मात्र उच्च न्यायालयाची वाट न पाहता सरकारला करता येईल. तहसील कार्यालयांत आणि सेतू केंद्रांत रोज प्रतिज्ञापत्रे होतात. त्यांच्या छापील नमुन्यांत दोन्ही पर्याय आहेत की नाहीत हे महसूल विभागाकडून तपासून घ्यावे आणि नसतील तिथे पुढच्या छपाईपासून घालावेत. दिवाणी दाव्यांत सरतपास आता शपथपत्रावरच होतो, म्हणून कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांकडेही हाच नमुना पोहोचवावा. तिथे जुनी फाइल उघडून फक्त नाव-गाव बदलले जाते, आणि एकदा चुकीचा गेलेला मजकूर वर्षानुवर्षे तसाच फिरत राहतो.

आपले,
सोलापुरातील काही वकील, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी व दुभाषी