नाशिकच्या वाइन टेस्टिंग रूममधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

‘मटणाला रेड वाइन, माशाला व्हाइट’ हे गणित तुम्ही आमच्या डोक्यातून काढून टाकलंत, म्हणून हे पत्र. मांस कुठलं ते नंतर बघा, आधी मसाला बघा, असं तुम्ही म्हणालात. मराठी जेवणापुरता आम्ही आता हा एकच नियम मानतो.

तापमानाबद्दल तर आधी कुणी बोललंच नव्हतं. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये तीच बाटली ३० अंशांच्या वर जाते आणि शिराझसारख्या रेडच्या वासाआधी अल्कोहोलच नाकात शिरतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणली की मिरीचा आणि जांभळाचा वास वर येतो. चेनिन ब्लांक या व्हाइट वाइनचं उलटं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की तिचा वास मिटतो, म्हणून ओतण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढायची.

ग्लासात ५० मिलीच ओतायची, म्हणजे फिरवायला जागा राहते. मग घोट, घास, पुन्हा घोट. पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही, दुसऱ्या घोटात काय बदललं ते शोधायचं, ही तुमची शिस्त.

त्या शिस्तीनेच तांबडा रस्सा आणि शिराझची जोडी का फसते ते कळलं. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते, आणि आग झालेल्या तोंडात टॅनिन, म्हणजे रेडमधला तुरट घटक, आणखी कडू, कोरडं लागतं. झणझणीत मिसळीबरोबर किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची, गार चेनिन ब्लांक बरी. साखर तिखट झेलते. शिराझ राखून ठेवायची ती काळ्या मसाल्यातल्या सुक्या मटणासाठी. तिथे भाजलेलं खोबरं, चरबी आणि मीठ टॅनिनची धार कमी करतात. मटणात मीठ कमी पडलं तर वाइनही तुरट लागते, हे करून बघण्यासारखं आहे.

माशांमध्ये बांगडा सगळ्यात अवघड. रेडमधलं लोह त्याच्या तेलाला भिडलं की तोंडात हिंवस, धातूसारखी चव रेंगाळते. तळलेल्या बोंबलाला सॉविन्यॉन ब्लांक ही आंबटसर व्हाइट द्यावी, लिंबू पिळल्यासारखं काम करते. मात्र सोलकढी त्याच घासाबरोबर नको. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन पाणचट होते. कोथिंबीर वडीला स्पार्कलिंग: बुडबुडे आणि आंबटपणा तेल धुऊन काढतात.

श्रीखंडाबाबत तुमचं म्हणणं आम्हाला आधी पटलं नव्हतं. पण गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड हवी, हे खरंच आहे. श्रीखंडापुढे लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड चेनिनसुद्धा आंबट लागते. तिला खारे काजू किंवा निळं बुरशीचं चीज जास्त मानवतं.

सगळ्यात मोठे आभार मात्र त्या बिघडलेल्या बाटलीसाठी. ती गुपचूप मागे न नेता तुम्ही आमच्या नाकापुढे धरलीत. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास. दोष बुचाचा, द्राक्षांचा नाही, आणि कितीही वेळ उघडी ठेवली तरी तो जात नाही. असा वास आला की बाटली आता आम्ही बिनसंकोच परत करतो.

तुमच्या टेबलावरचे सहा जण