आधी इडली, मग कॉफी

शहापूर, बेळगाव
सोमवार, रात्री

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तू तिकडे बंगळुरूत मेट्रोच्या जिन्यावर चक्कर येऊन खाली बसलीस, हे मला वहिनीकडून कळलं आणि वहिनीला तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडून. मधे पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत आपण दोनदा फोनवर बोललो, आणि दोन्ही वेळा तू मला बेळगावात पाऊस किती झाला ते विचारलंस. रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. दादाने मोबाईलवर रिपोर्ट दाखवला. हिमोग्लोबिन ८.२. बायकांचं १२ तरी हवं. एकच विचारतो आणि मग दुसरं बोलू. सकाळी काय खाऊन निघतेस?

मला राहून राहून मे महिन्यातली ती सकाळ आठवते. निवृत्तीनंतरचा माझा पहिलाच प्रवास. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने पहाटे उतरलो, तर तू स्टेशनवर आधीच हजर. म्हणालीस, ‘बाबा, आंघोळ नंतर. आधी विद्यार्थी भवन.’ गांधी बझारातलं ते १९४३ सालचं हॉटेल. बाहेर नाव सांगून ताटकळणारी माणसं, घडी घातलेला पेपर काखेत धरलेले म्हातारे, कॉलेजची पोरं. आत गेल्यावर आपल्याला एका अनोळखी आजोबांच्या टेबलावर बसवलं, आणि त्यांनी काही न बोलता आपली ताटली जरा अलीकडे ओढून घेतली. भिंतीवर कन्नड लेखकांची चित्रं. मी मास्तर माणूस, मला ते फार आवडलं. लेखकांची चित्रं लावून त्यांच्या खाली लोकांना दोसे खायला घालणारं हॉटेल मी आधी पाहिलं नव्हतं. मग तो पांढऱ्या शर्टधोतरातला वाढपी एका हातावर दोशांच्या ताटल्यांची चळत रचून आला. मी मोजायला लागलो आणि आकडा चुकलो. दोसा आपल्याकडच्यासारखा पापुद्र्याचा नव्हे. जाडसर, बाहेरून तांबूस कुरकुरीत, आतून मऊ, आणि तुपाचा वास थेट दारापर्यंत.

दोन कॉफी मागताना मी त्याला म्हटलं, ‘एरडु कॉफी कोड्री.’ तो हसला. बेळगावकडचे का, म्हणाला. त्या एका ‘री’वरून त्याने ओळखलं, बंगळुरूकडचे लोक नुसतं ‘कोडि’ म्हणतात. तुला माहीत आहे, ८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात आम्ही कॉलेजची पोरं रस्त्यावर होतो. कोपरावरची खूण तू लहानपणी बोट फिरवून बघायचीस. सक्ती तेव्हा नको होती, आजही नको. पण ती भाषा नको असं या घरात कुणी कधी म्हणालं नाही. शेजारच्या अक्का आणि तुझी आजी परड्याच्या भिंतीवरून आमटीची वाटी देता-घेता कुठल्या भाषेत बोलायच्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या वाढप्याने आपल्याला ओळखलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझी पोर या एवढ्या शहरात अगदीच परकी नाही, असं वाटलं.

आणि त्या बरं वाटण्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली. तू अर्धा दोसा माझ्या ताटलीत सरकवलास. ‘तुम्ही खा, बाबा, प्रवास करून आलाय.’ मी खाल्ला. तू कॉफी तेवढी पूर्ण प्यालीस. त्याआधी स्टेशनवर एक झाली होती. बिलही तूच दिलंस, माझा हात खिशातच राहिला. तिथून बाहेर पडताना मी इतका ताठ मानेने चालत होतो की अर्ध्या दोशाचा विचारच आला नाही.

दुसरी गोष्ट मात्र मी पाहिली होती, आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरताना वॉचमनने तुला विचारलं, ‘तिंडी आयता?’ तिकडची रीत मला फार आवडते. नमस्कार-चमत्कार राहू दे, आधी नाष्टा झाला का ते विचारतात. तू हसून ‘आयतु’ म्हणालीस आणि पुढे गेलीस. झालं नव्हतं, चिऊ. स्टीलच्या पेल्यातली कॉफी सोडली तर तुझ्या पोटात काही नव्हतं. मला वाटलं, एक दिवस आहे, घाई आहे.

तुझी आईही असंच म्हणायची. सगळ्यांचे डबे भरून झाले, तुम्ही दोघं शाळेला गेलात, की ओट्याला टेकून उभ्या उभ्या अर्धा कप कॉफी. ‘माझं झालं’ म्हणायची, आणि मी मान हलवून सायकल काढायचो. सत्तावीस वर्षांत मी तिला एकदाही पुढे विचारलं नाही की झालं म्हणजे काय झालं. तू तिचं हसणं घेतलंस, हिशेबीपणा घेतलास, हट्टही घेतलास. हे एक घेऊ नकोस.

आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी रिपोर्ट नेऊन दाखवला. ते म्हणाले, लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी त्यानंतर निदान तास-दीड तासाने. दुधाबरोबरही गोळी घ्यायची नाही. खजूर, मनुका, पालेभाजी हवी, आणि उसळीवर लिंबू पिळून खायचं. लोखंडी तवा घे, नॉनस्टिक राहू दे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉप... नाही, हे आता वर्गात शिकवल्यासारखं व्हायला लागलं. माफ कर. तू सव्वीस वर्षांची आहेस, स्वतःचं भाडं स्वतः भरतेस, तीस जणांच्या ऑफिसात तुझ्या शब्दाला मान आहे. शहापुरात कुणीही विचारलं की मी हे सांगतोच सांगतो.

दुसरं काही लिहावं म्हणतो. त्या वेळी लालबागेजवळचं मावळ्ळी टिफिन रूम बघायचं राहून गेलं. ते १९२४ सालचं. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. दरवर्षी मुलांना काँग्रेस विहिरीपाशी नेऊन मी हे सांगत असे. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा त्या टिफिन रूमवाल्यांनी रव्याची इडली करायला घेतली असं ते सांगतात. तांदूळ नाही म्हणून त्यांनी सकाळचं खाणं बंद केलं नाही. बघ, फिरून मी तिथेच आलो.

तुला डबा करायला वेळ नाही हे मला कळतं. मग करूच नकोस. गांधी बझार तुझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. ऑफिसच्या दिवशी दोशासाठी ताटकळू नकोस, कोपऱ्यावरच्या कुठल्याही दर्शिनीत, त्या उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, दोन इडल्या आणि एक वडा खा. चटणी मागून घे. कॉफी मी बंद कर म्हणत नाही. त्या वासासाठी मीही पुन्हा येणार आहे. कॉफी ऑफिसात गेल्यावर पी. रविवारी मात्र विद्यार्थी भवनात जा, मैत्रिणीला घेऊन जा, आणि दोसा पूर्ण खा.

दादा शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो आहे. त्याच्याबरोबर मावशीने अळिवाचे लाडू दिले आहेत, खारीक आहे, काळ्या मनुका आहेत. कुंद्याचा डबा मैत्रिणीसाठी, तिने वहिनीला फोन केला म्हणून. तिच्यावर रागावू नकोस. माझा तो लोखंडी तवाही पाठवतो आहे. वहिनी म्हणाली जड होईल, दादा म्हणाला होऊ दे.

शुक्रवारी विद्यार्थी भवन बंद असतं, हे तूच मला सांगितलं होतंस. पण दर्शिनी उघडी असते. या शुक्रवारी काय खाल्लंस ते रात्री फोनवर सांग. नुसतं ‘आयतु’ म्हणू नकोस, पदार्थाचं नाव सांग.

तुझा,
बाबा